निळी गाडी आणि अकरा दिवस

"तुम्ही गाडीत मेलात तर तुमच्या घरच्यांना काही मिळणार नाही, ठाऊक आहे ना?"

आमच्या घरमालक काकांनी माझ्याशी काढलेला हा पहिला लांबलचक विषय. मी त्यांच्या अंगणात उभा होतो, हातात पेढ्यांचा पुडा होता. बायको आणि महिन्याचं बाळ मालगुंडला तिच्या माहेरी होती, त्यांना रत्नागिरीला आणायला दिवसभर गाडी मिळेल का, एवढंच विचारायला गेलो होतो. मी घाटावरचा शाळामास्तर, बदली होऊन आलेला. आमच्याकडे बाळंतिणीला आणायला निघालेल्या माणसाशी कोणी असं बोललं तर भांडण होतं.

काका मात्र पेढा खात शांतपणे सांगत राहिले. "विम्यात मालक-चालक म्हणून एक कलम असतं. मालक म्हणजे मी. मी चालवताना मेलो तर माझ्या वारसाला पैसे. मला वारस नाही. तुम्हाला आहे, महिन्याचा. पण तुम्ही मालक नाही. म्हणजे ज्याच्या घरी घ्यायला कोणी नाही त्याला मिळणार आणि ज्याच्या घरी पाळणा हलतोय त्याला नाही. आहे की नाही गंमत?"

"मग नेऊ नको का मी?"

"नेऊ नका असं कुठं म्हटलं? मेलात तर, असं म्हटलं. स्वतःचा वेगळा अपघात विमा काढलायत का? नाही? मग उद्या तो काढा आणि परवा गाडी न्या. लायसन दाखवा बघू."

मी चिडलो. वर खोलीत येऊन बराच वेळ एकटाच बडबडलो. पण दुसऱ्या दिवशी विमा काढला आणि तिसऱ्या दिवशी गाडी नेली. आळीतल्या बहुतेकांचे अपघात विमे याच भीतीपोटी निघालेले आहेत, हे मला नंतर समजलं.

काका एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खाली ते, वर आम्ही भाडेकरू. सगळी नोकरी कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टाइप करण्यात गेली. निवृत्त झाले तरी बोटं निवृत्त झाली नव्हती. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची बोटं मांडीवर हलायला लागत, तुमचं वाक्य संपलं की थांबत. नवख्या माणसाला वाटे, यांना कंप आहे. कंप कसला, ते तुमची जबानी घेत असत. मी कितीदा तरी बोलता बोलता अडखळलोय त्या बोटांकडे बघून.

त्यांची गाडी निळी, जुनी, आणि सगळ्या आळीची. कोणाला दवाखान्यात जायचंय, कोणाचा जावई स्टेशनवर उतरतोय, कोणाच्या लग्नाची खरेदी आहे, गाडी काकांची. ती नारळाखाली कधीही उभी नसे. अंगणाच्या मधोमध, रणरणत्या उन्हात. "नारळ पडला तर विमा देतो हो," ते सांगत, "पण दावा केला की वर्षानुवर्षं साठवलेला बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो. तुम्ही ठोकलीत तरी बोनस माझाच जाणार. गाडी उसनी देता येते, बोनस उसना देता येत नाही."

किल्ली मिळण्याआधी परीक्षा असे. लायसन हातात घेऊन ते खड्या आवाजात वाचत: नाव, जन्मतारीख, कोणत्या वाहनाचं, मुदत कधीपर्यंत. लग्नाची मंडळी ताटकळलेली असोत की कोणाच्या पोटात कळा येत असोत, वाचन पूर्ण व्हायचंच. एकदा एका पुढाऱ्याचा उजवा हात म्हणवणारा तरणाबांड गडी गाडी मागायला आला. लायसन फक्त मोटारसायकलचं. काकांनी ते परत त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "यावर तुम्ही पुढची दोन चाकं न्याल. मागची दोन कोण आणणार?" तो शिव्या देत गेला. आळीनं आठवडाभर त्या वाक्यावर चहा प्यायला.

मी एकदा विचारलं, "एवढा जाच करायचा तर देता कशाला गाडी?"

"मला माणसाला नाही म्हणता येत नाही, मास्तर. म्हणून नियम केलेत. ते नाही म्हणतात, मला म्हणावं लागत नाही."

आणि मग त्यांनी मला कायदा समजावला. मी तो शाळेतल्या कवितेसारखा पाठ केला, कारण त्यांनी तो किमान चाळीस वेळा सांगितला. विमा गाडीच्या मागे जातो. दुसऱ्यानं चालवली तरी चालतं, पण त्याच्याजवळ त्या गाडीचं, मुदतीतलं लायसन हवं. ते नसलं तर गाडीच्या दुरुस्तीचं विसरा. रस्त्यावर कोणी जखमी झालं तर कंपनी त्याला भरपाई देईल, पण मग ती मालकाच्या मानगुटीवर बसून वसूल करील. "मालकानं नीट चौकशी केली होती आणि चालवणाऱ्यानं फसवलं, असं ठरलं तर मालक सुटायची आशा असते. जाणूनबुजून दिली तर मालक मेला." 'मेला' म्हणताना ते चुटकी वाजवत.

त्यांचा दुसरा नियम आणखी विचित्र होता. गाडीबद्दल काही घ्यायचं नाही. पैसे तर नाहीतच, पण वस्तूही नाही. आता कोकणात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चार कोकमं तरी घालून देतात. आमच्याकडे दूध घालायला आतल्या गावातून एक वहिनी येत. त्यांचा मुंबईचा भाऊ सुटीवर आला होता, त्यानं वडिलांना तपासणीला न्यायला गाडी नेली. संध्याकाळी गाडी परत आली ती मागच्या सीटवर तांदळाचं अर्धं पोतं आणि दोन पडवळं घेऊन. काका पांढरे पडले. खरंच सांगतो, साप दिसल्यासारखे मागे सरले.

"वहिनी, उचला हे! हे भाडं झालं!"

"भाडा कसला, काका? घरचं तांदूल हाय. रिकामी गाडी कशी देनार? भांडा तरी रिकामा देतो काय आपण?"

"भांड्याचा विमा नसतो, वहिनी! खाजगी गाडी भाड्यानं दिली असं कंपनीनं म्हटलं की संपलं. उद्या कोर्टात तुम्हाला विचारतील, गाडीच्या बदल्यात काय दिलंत? तुम्ही अभिमानानं सांगाल, तांदूळ!"

वहिनी पोतं उचलून गेल्या. महिनाभर त्यांनी दूध फाटकावरून घातलं, तोंडातून शब्द काढला नाही. अर्ध्या पोत्यावर कोर्ट बसेल यावर आळीत कोणाचाच विश्वास नव्हता. माझाही नव्हता. काकांचा होता, आणि तो सोडायला ते तयार नव्हते.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय. पण आता जे सांगायचंय ते हसत सांगता येत नाही.

माझ्या मेहुणीचा साखरपुडा होता, मालगुंडला. काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालेलं. ओटीवर काळा गॉगल लावून बसले होते. दुसऱ्या डोळ्यानंही त्यांना धुरकटच दिसायचं. मी किल्ली मागायला गेलो तेव्हा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आळीतले दोघे गप्पा मारत उभे होते, वर गॅलरीत बायको ओटीच्या सामानाची टोपली घेऊन तयार.

"मास्तर, आज तुम्हीच वाचा," काका म्हणाले. "सगळं वाचा हं."

मी कार्ड काढलं. नाव वाचलं. जन्मतारीख वाचली. वाहनाचा प्रकार वाचला. त्यांची बोटं मांडीवर चालू होती. मग मुदतीवर नजर गेली. विसाव्या वर्षी काढलेलं लायसन, चाळिसाव्या वर्षी संपलेलं. अकरा दिवसांपूर्वी.

अकरा दिवस! वीस वर्षांत कोणाला साधा ओरखडा काढला नव्हता मी. अकरा दिवसांत काय हात गळून पडले होते? वरून बायकोनं हाक मारली, "अहो, झालं का? तिकडे मुहूर्त टळेल!"

मी तारीख वाचली, महिना वाचला, आणि वर्ष एकानं पुढचं वाचलं.

काकांची बोटं थांबली. मग ते म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. वर्गात वाचतो तसं, स्वच्छ, न अडखळता. तेच खोटं वर्ष.

त्यांनी खिशातून किल्ली काढून पुढे धरली. "सांभाळून न्या," एवढंच म्हणाले.

जाताना काही झालं नाही. साखरपुडा छान झाला. परत येताना, समुद्राच्या कडेच्या रस्त्यावर एका वळणाला मी आतून, उलट्या बाजूला, गाडी घातली. समोरून स्कूटरवर एक बाई येत होत्या. अंगणवाडीत शिकवायच्या, घरी निघाल्या होत्या. चूक माझी होती. हे मी पोलिसांना सांगितलं, कोर्टात सांगितलं, इथंही सांगतो. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. बायकोनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आमचा मुलगा पुढच्या सीटवर रडत होता, आणि मी त्याच गाडीतून त्यांना रुग्णालयात नेलं. त्या वाटेत ओरडल्या नाहीत, फक्त विचारत होत्या, "पाय राहील ना हो?" पाय राहिला, पण वाकेनासा झाला. मुलांमध्ये खाली बसायची ती नोकरी गेली.

पोलिसांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "सर, मुदत संपलीय."

"संपलीय?" बायको म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

पंधरा दिवसांनी विमा कंपनीचा चौकशी करणारा माणूस आला. सभ्य, मऊ बोलणारा. काकांच्या ओटीवर बसला, मी दारात उभा. त्यानं विचारलं, "गाडी देताना लायसन पाहिलं होतं का?"

"नाही."

तो चमकला. "आळीत तर सगळे सांगतात, तुम्ही वाचल्याशिवाय किल्ली देत नाही."

"त्या दिवशी वाचलं नाही."

मला वाटलं, आता पुढचं सांगतील. मास्तरांना वाचायला लावलं, त्यांनी खोटं वाचलं. तेवढं एक वाक्य बोलले असते तर सुटण्याची आशा होती, त्यांनीच मला शिकवलं होतं तसं. काका गप्प बसले. त्या माणसानं सही घेतली आणि गेला.

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर, रात्रंदिवस वाटली. पण त्या क्षणी मी सुटकेचा श्वास सोडला, हे खरं आहे. शाळेत माझं नाव होतं, मुलांना मी खरेपणाचे धडे द्यायचो. काकांनी मला वाचवलं असा मी अर्थ लावला आणि जिना चढून वर गेलो.

दावा उभा राहिला. अर्जदार त्या बाई, समोर आम्ही तिघं: मालक, चालक, कंपनी. काकांच्या नावावर पावस गावाच्या वाटेवर आंब्याची वीस कलमं होती. काकूंच्या वडिलांनी दिलेली, आणि म्हातारपणाला तेवढाच आधार. वसुली निघाली तर ती जाणार हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. निळी गाडी ताडपत्रीखाली पडून होती. काका त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. दीड वर्ष आम्ही एकाच घरात वर-खाली राहिलो आणि फक्त पाण्याच्या मोटारीबद्दल बोललो.

साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मला राहवेना. खाली गेलो. काका तुळशीला पाणी घालत होते.

"काका, त्या दिवशी मी वर्ष खोटं वाचलं. चुकून नाही. दिसत असताना."

"ठाऊक आहे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. "कधी कळलं तुम्हाला?"

"तुम्ही वाचलंत तेव्हाच. आधीच्या गणपतीत गाडी नेलीत तेव्हा मीच नव्हतं का वाचलं? तीस वर्षं तारखा टाइप केल्यात, मास्तर. जात नाहीत डोक्यातून."

मी पायरीवर बसलो. "मग किल्ली दिलीत कशी?"

काकांनी तांब्या खाली ठेवला. "पुन्हा वाचा म्हटलं ना मी? वाटलं, दुरुस्त कराल. नाही केलंत. आता पुढं काय बोलायचं? गडग्यापाशी माणसं उभी, वर तुमच्या सौभाग्यवती. एका शिक्षकाला चारचौघांत, तुम्ही खोटं वाचताय, असं म्हणू? भीड पडली हो."

"भीड?" मी ओरडलो. खोटं मी बोललो होतो आणि ओरडतही मीच होतो. "सगळ्या गावाला नियम शिकवलेत आणि भिडेखातर गाडी दिलीत? अहो, दमडीचा तांदूळ घेतला नाहीत तुम्ही!"

"भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगीच नाही."

मी स्वतःला सावरलं. मग त्यांना माझा बेत सांगितला. उद्या साक्षीत मी कबूल करणार, मी खोटं वाचलं. काकांना काही माहीत नव्हतं. त्यांनी चौकशी केली, मी फसवलं. त्यांची कलमं वाचतील, बाईंना भरपाई मिळेलच, माझं काय व्हायचं ते होवो.

"पण मला माहीत होतं," काका म्हणाले.

"ते तुम्हाला आणि मला. तिसऱ्या कोणाला नाही. काका, यात कोणाचंच नुकसान नाही!"

त्यांनी उत्तर दिलं नाही. "चहा घेता?" म्हणाले. मी नको म्हटलं आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा घेतला. त्यांच्याबाबतीत मी लावलेला हा दुसरा चुकीचा अर्थ.

दुसऱ्या दिवशी आधी माझी साक्ष झाली. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं. मुदत संपलेली मला दिसली, तरी मी पुढचं वर्ष वाचलं. "मालकांना खरी तारीख माहीत नव्हती," मी म्हणालो. आवाज कापला नाही. काकांच्या वकिलांच्या चेहऱ्यावर दीड वर्षात पहिल्यांदा तरतरी आली. मागच्या बाकावर त्या बाई कुबडी टेकून बसल्या होत्या.

मग काका पिंजऱ्यात गेले. ज्या पिंजऱ्यापासून दोन हातांवर त्यांनी अख्खी नोकरी काढली, त्यात ते पहिल्यांदा उभे राहत होते. त्यांच्या जुन्या जागेवर एक मुलगी संगणकावर टाइप करत होती. वकिलांनी ताट वाढून ठेवलं होतं: "लायसनची मुदत आहे असं सांगून या चालकानं तुम्हाला फसवलं, बरोबर?" फक्त 'हो' म्हणायचं होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं आता त्यांना लख्ख दिसत होतं.

"नाही," ते म्हणाले. "मास्तर खोटं बोलतायत. त्या दिवशी खोटं बोलले आणि आजही बोलले. मला खरी तारीख माहीत होती. माहीत असून मी किल्ली दिली."

वकिलांनी कागद टेबलावर टाकला. टाइप करणारी मुलगी थांबली, तिनं मान वर करून पाहिलं. "लिहा," काका तिला म्हणाले. "शब्द बदलू नका." माझ्या कानातून वाफा निघत होत्या. भर कोर्टात, शाळेतले दोन पालक बसलेले असताना, त्यांनी मला खोटारडा ठरवलं होतं, आणि मी त्यांना वाचवायला निघालो होतो! न्यायाधीशांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणेच. कंपनीनं बाईंना भरपाई दिली आणि आमच्याकडून वसूल केली. कलमं गेली. मी माझ्या वाट्याचं उचललं, काका नको म्हणाले नाहीत. पुढे ते दापोलीला भाचीकडे राहायला गेले.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या दिवशीचा कोर्टाचा जिना. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, पायऱ्यांचा अंदाज त्यांना येत नव्हता. मी रागानं फणफणत पुढे निघालो होतो, तरी मागे वळलो आणि त्यांचा दंड धरला. चार पायऱ्या आम्ही उतरलो.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"आला."

"त्या दिवशी अंगणात म्हटलं असतं तर?"

"तेव्हाही आला असता."

"किती दिवस राहिला असता?"

मी विचार केला. खरं ते सांगितलं. "चार दिवस. फार तर आठवडा."

काका पायरीवर थांबले. खाली, फाटकापाशी, त्या बाई रिक्षात चढायचा प्रयत्न करत होत्या. न वाकणारा पाय आधी आत घालावा की नंतर, ते त्यांना जमत नव्हतं. रिक्षावाला उतरून मदतीला आला.

"आठवडाभराच्या रागाला भ्यालो मी, मास्तर," काका म्हणाले, आणि माझा हात सोडून कठड्याला धरून उरलेला जिना एकटे उतरले.